पवनेचं पाणी कुणी दिलं?

कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेडसे नावाचं गाव लागतं. गावामागच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. कार्ला आणि भाजे इथे सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, त्या मानाने बेडशाला शांतता असते. चैत्यगृहाचे उंच खांब, त्यांवरचे घोडे-हत्ती आणि स्वार पाहायला लोक जातात. पण तिथे खडकात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत आणि त्यांतल्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत एक छोटासा लेख आहे. हे टाकं म्हणजे महाभोजाची लेक, आपदेवणकाची पत्नी, महारठिनी सामडिनिका हिचं धर्मदान आहे, असं त्यात म्हटलेलं आहे. मजकूर एवढाच.

इतिहासाचे अभ्यासक या लेखातल्या ‘महारठिनी’ या शब्दावर बरंच बोलतात. महाराष्ट्र आणि मराठा या नावांच्या मुळाशी जाताना हा शब्द मोलाचा ठरतो, ते खरंच आहे. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एका बाईनं पाण्याची सोय केली आणि पाणी पिणाऱ्याला ते कुणी दिलं हे कळावं म्हणून दगडावर नाव कोरून ठेवलं. ते नाव आज दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतं.

त्याच पवन मावळात, बेडशापासून थोड्याच अंतरावर, पवना धरण आहे. माझ्या घरच्या नळाला येणारं पाणी तिथून येतं. पिंपरी-चिंचवडमधल्या लाखो लोकांच्या नळाला येणारं पाणी तिथूनच येतं. हे पाणी आपल्याला कुणी दिलं, असं शहरात कुणालाही विचारून पाहा. उत्तर येईल, महापालिकेनं. फार तर पाटबंधारे खात्यानं. ज्यांनी खरोखर दिलं, त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत. ती पुनर्वसनाच्या फायलीत आहेत, आणि ती फाईल पन्नास वर्षं उलटून गेली तरी बंद झालेली नाही.

मावळातल्या तीन दऱ्या

मावळ तालुक्याची रचना समजून घेतली की पाण्याचं राजकारण आपोआप समजतं. सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे डोंगराच्या रांगा निघतात आणि दोन रांगांच्या मध्ये एकेक दरी, एकेक नदी. स्थानिक लोक या दऱ्यांना पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ म्हणतात. इथे पाऊस धो-धो पडतो. भात हे मुख्य पीक, आंबेमोहोर आणि अलीकडे इंद्रायणी. पण पाऊस संपला की पाणी उतारानं पुढे निघून जातं. म्हणून इथल्या माणसाचा इतिहास हा पाणी धरून ठेवण्याचा इतिहास आहे.

पवना जलाशयाच्या भोवती चार किल्ले आहेत. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना. निजामशाही, आदिलशाही, मराठे, मोगल अशा सगळ्या सत्ता या किल्ल्यांवरून गेल्या. १६५७च्या सुमारास शिवाजी महाराजांनी हा मुलूख घेतला, १६६५च्या पुरंदरच्या तहात लोहगड मोगलांना द्यावा लागला आणि १६७०मध्ये तो परत घेतला. सत्ता बदलली, झेंडे बदलले, पण किल्ल्यावर जाणारा प्रत्येक किल्लेदार आधी पाण्याची टाकी साफ आहेत का ते बघत असणार. गडावर पाणी नसेल तर तोफा असून उपयोग नाही. तिकोन्यावर कातळात खोदलेली टाकी आजही भरलेली दिसतात. लोहगडावर नाना फडणविसांनी बांधलेली सोळा कोनांची बाव आहे.

म्हणजे या दरीत पाणी साठवण्याची कला कुणा एका काळाची किंवा एका धर्माची मिरास नाही. बौद्ध भिक्खूंनी टाकी खोदली, किल्लेदारांनी खोदली, पेशव्यांच्या कारभाऱ्यानं बाव बांधली. दख्खनमध्ये इतरत्रही हेच दिसतं. मलिक अंबरनं खडकी वसवलं (पुढे त्याचं औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर) आणि १६१७च्या आसपास उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बंदिस्त वाहिनीतून शहरात आणलं. ना पंप, ना वीज. फक्त जमिनीच्या उताराचा अचूक हिशेब आणि हवा बाहेर पडायला जागोजागी ठेवलेली तोंडं. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तसंच बंदिस्त नळानं पुण्यात पाणी आणलं, वाटेत उच्छ्वास ठेवले आणि शहरात हौद बांधले. हबशी वजीर असो की ब्राह्मण पेशवा, दोघांनी पाण्याचा प्रश्न एकाच शास्त्रानं सोडवला. लोकांनी दोघांचीही नावं लक्षात ठेवली, आजही घेतात.

आधुनिक धरणाचं तसं नाही. तिथे पाणी देणारा एक असतो आणि नाव दुसऱ्याचं होतं.

शेजारच्या दरीतला धडा

पवना धरण होण्याच्या अर्धशतक आधी शेजारच्याच दरीत हे घडून गेलं होतं. पवनेच्या दक्षिणेला मुळा नदीचं खोरं आहे. तिथे टाटा कंपनीनं मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज देण्यासाठी मुळशीला धरण बांधायला घेतलं. शेतकऱ्यांना न विचारता जमिनी संपादन झाल्या. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नेते होते. याच लढ्यानं बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी दिली. जगातल्या धरणविरोधी लढ्यांमध्ये हा सगळ्यात जुन्यांपैकी एक मानला जातो. तीन वर्षं लढा चालला, लोक तुरुंगात गेले, पण धरण झालंच. आजही मुळशीचं पाणी डोंगर ओलांडून भिऱ्याच्या वीजघराकडे, कोकणात जातं.

त्यावेळी सरकार इंग्रजांचं होतं, कायदा १८९४चा भूसंपादन कायदा होता. सार्वजनिक कारण सांगायचं, नोटीस लावायची आणि पैसे ठरवून जमीन ताब्यात घ्यायची. स्वातंत्र्यानंतर सरकार आपलं आलं. कायदा मात्र तोच राहिला. थेट २०१४पर्यंत.

धरण आणि शहर एकाच वयाचे

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुणं वाहून गेलं. त्या घटनेची दहशत ताजी असतानाच पुणे जिल्ह्यात पवनेवर मातीचं धरण बांधायला घेतलं गेलं. ते १९७२ साली पूर्ण झालं. लांबी १,३२९ मीटर, पायापासून उंची ४२ मीटरच्या वर. उपयुक्त साठा साधारण साडेआठ टीएमसी. आकड्यांची सवय नसलेल्यांसाठी सांगतो, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३१ कोटी लिटर. कोयनेच्या शंभर टीएमसीपुढे पवना अगदी लहान दिसतं. पायथ्याशी दहा मेगावॅटचं एक छोटं वीजघरही आहे.

हेच ते वर्ष, १९७२. महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचं वर्ष. मराठवाडा आणि सोलापूरकडची माणसं पोट भरायला निघाली आणि त्यांतली असंख्य पिंपरी-चिंचवडला येऊन थांबली. माझे अब्बा त्यांच्यापैकीच. बार्शीकडच्या एका खेड्यातून भोसरीत आले, एका लहान कारखान्यात लेथवर लागले. गावाकडे विहिरीचा तळ दिसत होता आणि इथे चाळीच्या टोकाला सार्वजनिक नळ होता. अम्मी सांगायची, लग्न होऊन आल्यावर तिला शहरातली सगळ्यात मोठी नवलाई ना रेल्वे वाटली, ना कारखान्याचा भोंगा. तोटी फिरवली की पाणी येतं, हेच तिचं नवल. ते पाणी कुठून येतं हे विचारण्याची तेव्हा कुणाला गरज वाटली नाही.

शहरही नुकतंच उभं राहत होतं. पिंपरीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली होती. १९५४ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि वर्षभरात तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. साठच्या दशकात एमआयडीसी आली, मोठमोठे वाहन कारखाने आले, त्यांच्या आधारानं शेकडो लहान वर्कशॉप आले. ४ मार्च १९७० रोजी आकुर्डी, भोसरी, चिंचवड आणि पिंपरी मिळून नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ला महापालिका. २००१च्या जनगणनेत लोकसंख्येनं दहा लाखांचा आकडा ओलांडला, २०११ला ती सव्वासतरा लाखांच्या पुढे गेली. धरण आणि शहर जवळपास एकाच वयाचे. फरक इतकाच की धरण १९७२ला जेवढं होतं तेवढंच आजही आहे. शहर मात्र थांबलं नाही.

पाणी येतं कसं?

पवना धरणाचं पाणी शहरात येण्याची पद्धत फार साधी आहे. धरणातून पाणी नदीच्या पात्रात सोडतात. ते तीस-पस्तीस किलोमीटर वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून महापालिका ते पंपानं उचलते, निगडीच्या सेक्टर २३मधल्या शुद्धीकरण केंद्रात नेते आणि मग टाक्यांमधून घरोघर पोचवते. एमआयडीसीसुद्धा याच नदीतून पाणी घेते.

मधल्या तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये नदी रिकामी वाहत नाही. दोन्ही काठांवरची गावं तिच्यातून उपसा करतात. शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत, गावांच्या पाणीयोजना आहेत. या पाण्यावर ऊस आहे, भाजीपाला आहे, पॉलिहाऊसमधले गुलाब आहेत, जे फेब्रुवारीत परदेशी जातात. धरण झालं म्हणून उन्हाळ्यातही नदी वाहती राहिली, आणि नदी वाहती राहिली म्हणून काठचा शेतकरी बारमाही झाला. हे धरणाचं श्रेय आहे, ते नाकारण्याचं कारण नाही.

आता थोडा हिशेब करू. महापालिका पवनेतून रोज सुमारे पन्नास कोटी लिटर पाणी उचलते. वर्षाचे झाले १८,२५० कोटी लिटर, म्हणजे जवळपास साडेसहा टीएमसी. पावसाळ्यात नदी स्वतःच भरून वाहते, त्यामुळे हे सगळंच धरणातून जात नाही. तरीही साडेआठ टीएमसीच्या धरणावर एकट्या शहराचा भार किती आहे, हे यावरून लक्षात येईल. उरलेल्यात एमआयडीसी, काठची गावं, शेती आणि बाष्पीभवन. म्हणूनच शहराची नजर आता पवनेपलीकडे, आंद्रा आणि चाकणजवळच्या भामा-आसखेड या धरणांकडे गेली आहे. दोन्हीकडचं मिळून रोज २६ कोटी ७० लाख लिटर पाणी शहरासाठी मंजूर झालं. भामा-आसखेडचे धरणग्रस्तही आधी आमचं बघा म्हणत जलवाहिनीच्या कामावर येऊन उभे राहिले. दरी बदलली, प्रश्न तोच.

२०१९च्या पावसाळ्यात पवना धरण काठोकाठ भरलं होतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं. धरण भरलेलं आणि नळ कोरडा, हे अनेकांना कळेना. पण त्यात कोडं काही नाही. धरणातला साठा ही एक गोष्ट, रोज किती उचलायला परवानगी आणि यंत्रणा आहे ही दुसरी, आणि शहरात किती गळतं, कुणाला किती मिळतं ही तिसरी. आपण पहिली गोष्ट बघून आनंदतो आणि भांडण तिसरीवरून करतो.

१२०३ खातेदार

आता मूळ प्रश्नाकडे. हे पाणी दिलं कुणी?

धरणासाठी पवन मावळातल्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्या खातेदारांची संख्या १,२०३. त्यांतल्या ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली. उरलेले ८६३. हा आकडा मावळातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला झोपेतून उठवून विचारला तरी तो सांगेल, कारण निवेदनं, मोर्चे, मंत्रालयातल्या बैठका आणि निवडणुकीतली आश्वासनं या सगळ्यांत वर्षानुवर्षं हाच आकडा फिरतो आहे. बऱ्याच खात्यांवरचे मूळ शेतकरी आता हयात नाहीत. एका खात्याचे वारस दहा-दहा झाले आहेत. म्हणजे ८६३ हा केवळ कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात ती हजारो माणसं आहेत.

यातली एक तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. धरण पूर्ण झालं १९७२ला. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला १९७६ला. म्हणजे पवनेच्या शेतकऱ्याची जमीन गेली तेव्हा पुनर्वसन हा त्याचा कायदेशीर हक्कच नव्हता, ती सरकारची मेहरबानी होती. तो कायदा व्हावा म्हणून दत्ता देशमुख, बाबा आढाव यांच्यासारख्या लोकांनी राज्यभरातल्या धरणग्रस्तांना एकत्र केलं. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा महाराष्ट्राला याच चळवळीनं दिली. पवनेत उलटं झालं. आधी धरण, आणि पुनर्वसन अजून चालू आहे.

उन्हाळ्यात जलाशयाची पातळी खाली गेली की वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर पाण्याबाहेर येतं. वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात, लोक पाहायला जातात. मीही एका मे महिन्यात गेलो होतो. चिखल वाळून भेगाळलेला, त्यावर गुरं चरत होती. गुरांमागे एक म्हातारे गृहस्थ होते. सलाम-रामराम झाला. मी विचारलं, “बाबा, तुमचं गाव कुठलं?” त्यांनी काठीनं पाण्याकडे दाखवलं. म्हणाले, “आमची हीर अजून हाय तिथंच. पानी बी हाय तिच्यात. फकस्त वर लई पानी झालंया.” आणि हसले. मला काही हसता आलं नाही.

९ ऑगस्ट २०११

शहराला नदीतून पाणी उचलणं पुरेनासं झालं, तेव्हा महापालिकेनं नवी योजना आखली. धरणापासून थेट निगडीपर्यंत जमिनीखालून बंद जलवाहिनी टाकायची. लांबी जवळपास पस्तीस किलोमीटर, खर्च सुरुवातीच्या अंदाजाप्रमाणे चारशे कोटींच्या घरात, पैसा केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून. शहराची बाजू अशी की उघड्या नदीतून येताना पाणी वाया जातं, चोरीला जातं, त्यात सांडपाणी मिसळतं आणि शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. नळानं आणलं तर स्वच्छ पाणी मिळेल, पंपाची वीजही वाचेल. अभियंत्याच्या दृष्टीनं हे बिनतोड आहे. मलिक अंबरनंही हेच केलं होतं.

मावळच्या शेतकऱ्याची बाजू अशी की नळ बंद झाला की नदीही बंद होईल. आज शहराला पाणी हवं म्हणून नदी वाहते, आणि नदी वाहते म्हणून आम्ही जगतो. उद्या शहराचं पाणी जमिनीखालून गेलं, तर आमच्यासाठी कोण नदीत पाणी सोडणार? ज्यांनी धरणाला जमीन दिली त्यांना अजून मोबदल्याची जमीन मिळाली नाही, मग तुमच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? यात जलवाहिनीसाठी पुन्हा जमीन जाणार, ही धास्ती होतीच.

९ ऑगस्ट हा क्रांतिदिन. २०११च्या त्या दिवशी मावळातले शेतकरी आणि त्यांच्यासोबत विरोधी पक्षांचे कार्यकर्ते बऊर गावाजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले. रस्ता अडला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर झाला आणि मग पोलिसांनी गोळीबार केला. तिघं ठार झाले. एक बाई आणि दोन पुरुष. तिघंही शेतकरी कुटुंबांतले. पोलीस गोळ्या झाडतानाची दृश्यं टीव्हीवर दिवसभर दिसत होती. निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला गेला. प्रकल्पाला ‘जैसे थे’चा आदेश मिळाला आणि आणलेले भलेमोठे लोखंडी पाईप वर्षानुवर्षं पडून राहिले. २०२३मध्ये शासनानं तो आदेश उठवला, तेव्हा मावळात पुन्हा विरोधाच्या बैठका सुरू झाल्या.

या गोळीबारावर तेव्हा भरपूर राजकारण झालं, आजही होतं. कोणत्या पक्षानं काय केलं यात मी शिरत नाही. मला सलते ती गोष्ट वेगळी आहे. त्या आठवड्यात आमच्या शहरात, कंपनीच्या बसमध्ये, चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर, सगळीकडे याच घटनेची चर्चा होती. पण बहुतेकांचा प्रश्न एकच होता, मग आता पाणी कधी वाढणार? आपण स्वतः दुष्काळानं उठून आलेली माणसं. गावात विहीर आटली म्हणजे काय होतं, हे आपल्या आई-बापांनी सोसलेलं. तरी नळाला पाणी आल्यावर पलीकडच्या विहिरीची आठवण राहत नाही. शहर माणसाला असंच करतं.

धरण, नळ आणि ‘लेक’

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या पाण्याला तिसरं नाव मिळालं आहे, ‘पवना लेक’. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून गाड्यांची रांग लागते. जलाशयाच्या काठी रंगीबेरंगी तंबू, शेकोटी, बार्बेक्यू, गाणी. समोर तुंग-तिकोन्याची शिखरं आणि खाली पाण्यात त्यांची सावली. जागा सुंदर आहे यात शंका नाही. एकतीस डिसेंबरला तर तंबूही मिळत नाही.

यातून स्थानिक पोरांना रोजगार मिळाला, हे मान्य केलं पाहिजे. ज्यांच्या आज्याची जमीन पाण्याखाली गेली, तो नातू आज त्याच पाण्याच्या काठी तंबू भाड्यानं देतो, चुलीवरची भाकरी आणि पिठलं खायला घालतो. पण धरणग्रस्तांचा रोष दुसऱ्याच गोष्टीवर आहे. धरणासाठी संपादित झालेली सगळीच जमीन पाण्याखाली गेली नाही. काठाला बरीच उरली. ती मूळ मालकांना द्या, ही त्यांची जुनी मागणी. आणि डोळ्यांसमोर काठावर धनिकांचे बंगले उभे राहतात, कुंपणं पडतात. जो शेतकरी आपल्या जमिनीवर पाय ठेवायला परवानगी मागतो, त्याच्या डोळ्यांतून हे पाहा.

दुसरी गोष्ट बुडण्याची. जवळपास दर वर्षी या जलाशयात पोहायला उतरलेली तरुण मुलं बुडून मरतात. वरून पाणी संथ दिसतं. पण हा नैसर्गिक तलाव नाही, ती बुडालेली दरी आहे. काठापासून चार पावलांवर जुना बांध असतो, ओढ्याचं पात्र असतं, गाळ असतो आणि जमीन एकदम खाली जाते. फलक लावलेले असतात, पण शहरातून आलेल्या पोराला ‘लेक’ म्हणजे पोहायची जागा वाटते. ‘धरण’ हा शब्द त्यानं नीट ऐकला असता, तर तो कदाचित काठावरच थांबला असता.

तेच पाणी मावळच्या म्हाताऱ्याला धरण, मला नळ आणि पर्यटकाला लेक. मराठीत लेक म्हणजे मुलगी. बेडशाच्या टाक्यावर जिचं नाव आहे, तीही कुणाची तरी लेकच होती.

देणं फेडायचं कसं?

आमच्याकडे मोहर्रममध्ये सबील लावतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत. उन्हाळ्यात चौकाचौकात पाणपोया लागतात, त्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ असं लिहिलेलं असतं. पाणी पाजणं हे पुण्य आहे, सवाब आहे, हे या मातीत सगळ्यांना मान्य आहे. मग ज्यांनी अख्खं शिवार देऊन एका शहराला पाणी पाजलं, त्यांना काय म्हणायचं? त्यांनी ते राजीखुशीनं दिलं नाही, त्यांच्याकडून घेतलं गेलं. म्हणून ते दान नाही. ते आपल्यावरचं कर्ज आहे.

बंद जलवाहिनी हवी की नको, यावर माझं मत विचाराल तर तांत्रिकदृष्ट्या ती चुकीची आहे असं मला वाटत नाही. रावेतपर्यंत येणारी नदी दिवसेंदिवस घाण होत चालली आहे. पण नळ टाकण्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, नदीत बारमाही किती पाणी सोडणार ते ठरवून, कायद्यानं बांधून द्यायला हवं, म्हणजे काठच्या गावांना शहराच्या तहानेवर अवलंबून राहावं लागणार नाही. दुसरी, ८६३ खात्यांचा हिशेब पूर्ण व्हायला हवा. या क्रमात बदल केला तर पुन्हा कुठल्यातरी रस्त्यावर, कुठल्यातरी ऑगस्टमध्ये माणसं उतरतील.

आणि यात शहराचा भाग आहे. आजवर ही मागणी फक्त मावळातून आली. पिंपरी-चिंचवडच्या नागरिकांनी पाण्यासाठी हंडा मोर्चे काढले, नगरसेवकांना घेराव घातले. पण धरणग्रस्तांचं पुनर्वसन करा, हे पाणी आम्ही फुकट घेतलेलं नको, असं म्हणत आमच्यातला एखादा मोर्चा महापालिकेवर गेल्याचं मला तरी आठवत नाही. कंपन्यांच्या कामगार संघटना, गृहनिर्माण सोसायट्यांचे महासंघ, गणेश मंडळं, मशिदींच्या कमिट्या, सगळ्यांनाच हे करता येईल. पाणीपट्टीचं बिल दर तिमाहीला येतं आणि आपण ते भरतो. त्या बिलात १,२०३ खातेदारांचा रकाना नाही. तो भरायचा राहिला आहे.